लेमुएल क्रॅब्ट्रीचा शब्द

बकहॉर्न, इलिनॉय
१२ एप्रिल १८३६

प्रिय ड्रुसी,

तुझं पत्र पोचलं. आणणाऱ्या नावाड्यानं ते वाटभर कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलं होतं, त्यामुळे अर्धा मजकूर तुझा आहे आणि अर्धा कोंबड्यांचा. एवढं मात्र लागलं, की हायरम वेदरबीशी तुझं लग्न ठरलंय आणि बाबा गप्प आहेत. बाबा गप्प म्हणजे बाबांची संमती. माझ्या वेळी ते आठवडाभर बोलत होते.

आता माझं ऐक. लग्न झालं की तिथं केंटकीत थांबू नका, सरळ इकडे या. लेमुएलची वकिली इतकी वाढलीय की त्याला एकट्याला झेपत नाही. वाढलीय म्हणजे आम्ही श्रीमंत झालो असं समजू नकोस. इथले पक्षकार खारवलेलं डुक्कर देतात, मध देतात, एकानं तर जिवंत बदक दिलं आणि खटला हरल्यावर परत मागायला आला. कोर्ट म्हणजे पीबडीच्या खाणावळीची माडी. जज्जसाहेब टेबलावर पाय टाकून बसतात, खाली कुणी भांडायला लागलं की साक्ष थांबवून सगळेच खिडकीशी जातात.

पण लेमुएल उभा राहिला की खिडकीशी कुणी जात नाही. गेल्या महिन्यात एका मेलेल्या गाईवर तो असा बोलला की पंचांमधले दोन दाढीवाले डोळे पुसत होते. गाय नेमकी कुणाची, हे तो मधेच विसरला होता, पण तोवर तेही विसरले होते. तुला म्हणून सांगते, कायदा त्याला बेताचाच येतो. तुझा हायरम पुस्तकात डोकं घालून बसतो म्हणतेस ना? मग झालं. तुझा वाचेल, माझा बोलेल, दोघांचा मिळून एक चांगला वकील होईल.

घराला जमीन अजून मातीचीच आहे आणि हिवताप कुणाला सोडत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण गल्लीपलीकडे एक जागा रिकामी आहे. तिथं तुमचं घर झालं तर मी माझ्या दारातून हाक मारली की तुझ्या चुलीपाशी ऐकू येईल.

ये गं. इथं बायका आहेत, पण बहीण नाही.

तुझी ताई,
अल्मायरा


बकहॉर्न
३ डिसेंबर १८४०

प्रिय ड्रुसी,

तू तिकडे गेल्यापासून बाबांची तब्येत कशी आहे? त्यांना सांग, मोठी मुलगी येऊ शकली नाही, कारण तिला आता कधीही बाळ होईल. धाकटीच्या हातची पेज गोड मानून घ्या.

इथली बातमी तुला हायरमनं कळवली असेलच, पण तो चार शब्दांत कळवतो, म्हणून मी सांगते. लेमुएल निवडून आला! विधानसभेत आपल्या जिल्ह्यातून तो जाणार. निकाल कळला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गिरणीपर्यंत नेलं. परत येताना गिरणीच्या पाण्यात टाकलं, तेही प्रेमानंच.

आणि खरं सांगू? ही निवडणूक हायरमनं जिंकली. मेजर डॅबनींनी वर नदीकाठी जमीन घेऊन आपल्या नावाचं नवं गाव आखलंय, आणि जिल्ह्याची कचेरी, कोर्टासकट, बकहॉर्नमधून उचलून तिकडे न्यायचा त्यांचा डाव आहे, हे तुला माहीतच आहे. कचेरी गेली तर बकहॉर्नमधे राहतं काय? खाणावळ, लोहार, आपलं चर्च, सगळं कोर्टाच्या दिवसांवर चालतं. लेमुएलनं सभेत शब्द दिला, 'मी जिवंत असेपर्यंत कचेरी हलणार नाही.' टाळ्या पडल्या. पण टाळ्या वाजवणारे घरी जाऊन विचार करतातच. त्या घरांमधून हायरम फिरला. घोड्यावरून, चिखलातून, एकेका झोपडीत. तो म्हणायचा, 'लेमुएलला मी ओळखतो. त्याच्या शब्दाला मी जामीन आहे.' हायरम कधी फुशारकी मारत नाही, म्हणून लोकांनी ऐकलं.

काल जेवताना मी गमतीनं म्हटलं, 'हायरम, उद्या यानं शब्द मोडला तर तुला पकडतील हं!' हायरम हसला. लेमुएल म्हणाला, 'मटण वाढ.'

लवकर ये. तुझ्या माघारी तुझा नवरा माझ्याकडे जेवतो, आणि जेवताना पुस्तक वाचतो. मला पुस्तकाचा हेवा वाटायला लागलाय.

तुझी ताई


बकहॉर्न
१९ जून १८४२

ड्रुसी,

गल्लीपलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण रविवारी चर्चमधे मी तुझ्या बाकाकडे आले आणि तू तुझ्या छोट्या लुसिंडाला उचलून दुसरीकडे बसलीस. सगळ्यांनी पाहिलं. म्हणून लिहिते.

लेमुएलनं कचेरीच्या ठरावाला होकार दिला, हे मी नाकारत नाही. पण राजधानीत काय चालतं, ते इथं बसून आपल्याला कळत नाही. तिथं एक गोष्ट मिळवायला दुसरी सोडावी लागते. नदीवरच्या धक्क्यासाठी त्यानं सरकारकडून मदत मिळवली, ती कुणी मोजत नाही. कचेरी आज ना उद्या जाणारच होती, असं तो म्हणतो. आणि आमच्या नव्या घराबद्दल बायका जे बोलतात, ते तुझ्या कानावर आलं असणार. मेजर डॅबनींनी लाकूड स्वस्तात दिलं, कारण त्यांची लाकडाची वखार आहे. वखारवाला लाकूड देणार नाही तर काय देणार? काचा सिनसिनाटीहून आल्या, त्या आमच्याच पैशानं आल्या. निदान लेमुएल तसं म्हणतो.

पण हायरमनं गिरणीपुढच्या सभेत जे केलं, ते त्यानं करायला नको होतं. भांडायचं तर घरात भांडायचं. लेमुएलच्या अंगावर ओरडला असता तरी चाललं असतं. तो ओरडला नाही. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, 'दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या दारोदार आलो होतो. लेमुएल क्रॅब्ट्रीच्या शब्दाला मी जामीन राहिलो होतो. तो शब्द त्यानं विकला. जामीनदार म्हणून मी तुमची माफी मागतो.' आणि खाली उतरला.

एवढंच! शिवी दिली असती तर लेमुएलनं चार दिल्या असत्या आणि संपलं असतं. माफीला उत्तर कसं देणार?

मेजर रोज येतात. म्हणतात, लेमुएलला पुढे निवडून वॉशिंग्टनला जायचं असेल तर हा डाग पुसावा लागेल. ते दार लावून बोलतात. ड्रुसी, मला भीती वाटते. हायरमला म्हणावं, आपल्याला चुकीची माहिती मिळाली होती, एवढं एकदा चारचौघांत बोल. त्यात त्याचं काय जातं?

हे पत्र धोबीण मिसेस गिल्फॉयच्या हाती देतेय. उत्तर तिच्याच हाती दे. नाहीतर सरळ मागच्या दारानं ये. कॉफी चुलीवर आहे.

अल्मायरा


बकहॉर्न
३० ऑगस्ट १८४२, दुपार

ड्रुसी,

हे वाच आणि हायरमला सांग. लगेच सांग.

उद्या सकाळी ते दोघं द्वंद्वासाठी नदीतल्या बेटावर जाणार आहेत. तुला ठाऊक असेलच. गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे हवापाण्याबद्दल बोलतायत. इलिनॉयमधे द्वंद्व खेळलं तर तुरुंग, म्हणून बेट. ते बेट ना इलिनॉयचं ना मिसुरीचं, हे कोर्टात सिद्ध करून दाखवलं होतं तुझ्याच नवऱ्यानं, चोरीच्या डुकरांच्या खटल्यात. तेव्हा आपण चौघं किती हसलो होतो.

आज सकाळी लेमुएल दाढी करत होता. मी जाऊन समोर उभी राहिले. म्हटलं, 'माझ्या बहिणीला विधवा करणार आहेस का?'

तो म्हणाला, 'वेडी आहेस का? हायरमला मी मारीन?'

'मग कशाला जातोस?'

'मला तिथं फक्त उभं राहायचंय, अल्मायरा. उभा राहिलो, हे लोकांना दिसलं पाहिजे. पिस्तूल मी आभाळाकडे धरीन. मी धरलं की तोही धरील. मग हात मिळवू, आणि मेजरला बाटली फोडू दे.'

'शब्द?'

'शब्द.'

मी ऑर्सनला पाळण्यातून उचलून आणलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बोल म्हटलं. त्यानं साबणाचा हात पुसला, लेकराच्या डोक्यावर ठेवला आणि बोलला. मी ऐकलं. ड्रुसी, मी आई आहे आणि मी ऐकलं. तो हवेत झाडणार आहे.

तेव्हा हायरमला सांग, त्यानंही हवेतच झाडावी. यावर मी तुला माझा शब्द देते. लेमुएलचा नको असेल तर माझा घे.

हायरम जे बोलला ते खोटं होतं का, हे मी लेमुएलला विचारलं नाही. आज ती वेळ नव्हती.

उद्या दुपारी आपण चौघं एका टेबलाला बसू. मी डुकराचं मांस भिजत घातलंय.

ताई


बकहॉर्न
४ नोव्हेंबर १८४२

ड्रुसी,

तू गेल्यापासूनचं हे तिसरं पत्र. आधीची दोन परत आली नाहीत, म्हणजे पोचली असावीत. उघडलीस की नाही, ते तुला आणि तुझ्या चुलीला ठाऊक.

तू बोटीत चढलीस तेव्हा मी धक्क्यावर होते. वखारीच्या मागे. लुसिंडाच्या टोपीची नाडी सुटली होती आणि तुझ्या ते लक्षात येत नव्हतं. मला ती येऊन बांधता आली नाही.

डॉक्टर स्पायर्स बेटावर हजर होते. मी त्यांना बोलावलं, दार लावलं आणि म्हटलं, सांगा. त्यांनी आधी चहा मागितला. मग म्हणाले, दोघं उभे राहिले. हायरमनं कोट काढून नीट घडी घालून फांदीवर ठेवला होता. इशाऱ्याचा रुमाल पडला. हायरमचा हात वर गेला आणि त्याची गोळी झाडांच्या शेंड्यांतून गेली, वरचे बगळे उडाले. लेमुएलची गोळी छातीत लागली.

मी विचारलं, 'एकदमच? का नंतर?'

डॉक्टरांनी कपाकडे पाहिलं. म्हणाले, 'मिसेस क्रॅब्ट्री, मी बगळ्यांकडे बघत होतो.'

लेमुएल म्हणतो, दोन्ही बार एकदमच झाले. म्हणतो, ऊन डोळ्यांवर होतं, पिस्तूल मेजरचं होतं, त्याचा घोडा फार हलका होता, बोट लागताच सुटला. हे तो मला न विचारता सांगतो. सकाळी सांगतो, जेवताना सांगतो. मी मान हलवते. त्याचे सदरे धुते, बटणं लावते. दुसरं काय करू?

शेरीफनं चौकशी केली नाही. बेट कुणाच्या हद्दीत नाही, हे त्याला पाठ आहे.

मला एकच सांग. शिव्या दे, शाप दे, पण एवढं सांग. माझी चिठ्ठी तू हायरमला दाखवली होतीस ना? म्हणजे तो माझ्या शब्दावर गेला. हात वर करताना त्याच्या मनात असेल, ताईनं सांगितलंय. तसंच ना गं?

नको. नको सांगूस.

अल्मायरा


डॅबनीव्हिल, इलिनॉय
११ फेब्रुवारी १८४७

प्रिय ड्रुसी,

वरचा पत्ता पाहिलास. कचेरी हलली, पाठोपाठ आम्हीही हललो. बकहॉर्नमधे आता अर्ध्या घरांना कुलपं आहेत. मी महिन्यातून एकदा गाडी जोडून जाते, हायरमच्या थडग्याभोवतीचं गवत काढते, आणि अंधार व्हायच्या आत परत येते. तुझ्या घरात एक जर्मन चांभार राहतो. त्यानं दारापुढे कोबी लावलाय, चांगला आलाय.

लेमुएल आता वरच्या सभागृहात आहे. मला वाटलं होतं, बेटानंतर लोक त्याला दारात उभं करणार नाहीत. किती भाबडी मी! ते म्हणतात, क्रॅब्ट्री मागे हटत नाही. जे कधीच त्याला मत देत नव्हते, त्यांनीही दिलं. सभेत पोरं बोट दाखवून एकमेकांना सांगतात, तोच तो. कचेरीची गोष्ट कुणी काढत नाही. डाग पुसला गेला, मेजर म्हणाले होते तसाच.

मागच्या महिन्यात मी त्याच्याबरोबर राजधानीला गेले. द्वंद्वाची शिक्षा वाढवायचा ठराव आला होता. लेमुएल त्याच्या बाजूनं उभा राहिला. तुला तो कसा बोलतो ते ठाऊक आहे. 'मी माझा जिवलग मित्र या रानटी प्रथेपायी गमावला,' म्हणाला. गमावला! जशी छत्री गमावतात. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, ती डोळे पुसत मला म्हणाली, 'किती सोसलंय हो यांनी!' मी उठून बाहेर आले आणि तो येईपर्यंत जिन्यात उभी राहिले.

आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. 'कसं झालं?' म्हणाला.

मी म्हटलं, 'गाईच्या वेळी यापेक्षा चांगलं झालं होतं.'

तेव्हापासून तो मला भाषणाला चल म्हणत नाही.

ऑर्सन सात वर्षांचा होईल. लुसिंडा आता केवढी झाली?

ताई


डॅबनीव्हिल
२७ मे १८५३

प्रिय ड्रुसी,

आज तुला जे लिहायचंय ते दहा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. मलाही आत्ताच कळलं.

लेमुएल जज्ज झाला, हे तू वर्तमानपत्रात वाचलं असशील. या खेपेला त्याच्यापुढे जेरेड टिब्ज नावाचा तराफेवाला आला. घोड्याच्या सौद्यावरून बाचाबाची झाली, साथीदारानं त्याला भर बाजारात चोर म्हटलं, यानं सुरी चालवली. माणूस मेला. पंचांनी दोषी म्हणून सांगितलं, म्हणजे फाशी. शिक्षा सुनवायच्या दिवशी सगळा जिल्हा लोटला होता. मीही गेले. कितीतरी वर्षांनी गेले.

लेमुएल छान बोलला. शब्दाचा घाव शब्दानं भरून निघतो, म्हणाला, त्यासाठी रक्त सांडणारा माणूस समाजात राहायच्या लायकीचा नाही. मग रिवाजाप्रमाणे कैद्याला विचारलं, 'तुला काही बोलायचंय?'

टिब्ज उभा राहिला. अंगानं आडदांड, पण आवाज बारीक. त्यात उद्धटपणा नव्हता, ड्रुसी. त्याला खरंच कळत नव्हतं. तो म्हणाला, 'जज्जसाहेब, मला त्यानं चोर म्हटलं. तुम्हालाही कुणीतरी तसंच म्हटलं होतं ना? मग तुम्ही त्या खुर्चीवर कसे आणि मी हितं कसा, तेवढं सांगा. मी बेटावर नेऊन मारायला हवं होतं का?'

कुणी हसलं नाही. बेलिफ पुढे झाला, त्याला लेमुएलनं हातानं थांबवलं. मग लेमुएल म्हणाला, 'तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही,' आणि खाली बघून शिक्षेचा कागद वाचला. कायद्यानं तेवढंच करता येत होतं. वाचताना त्याचा आवाज, तो आवाज, पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचला नाही.

दुपारी मी मागच्या ओसरीवर वाटाणे सोलत होते. तो आला, पायरीवर बसला. सालं हातात घेऊन मोडत राहिला. म्हणाला, 'त्याचा हात वर जाताना मी पाहिला.'

मी विचारलं नाही कुणाचा.

'ऊन नव्हतं,' म्हणाला. 'घोडाही हलका नव्हता. हायरमचा हात वर गेला, बार झाला, बगळे उडाले. सगळं नीट दिसलं मला. माझंही पिस्तूल वर चाललं होतं.'

'मग?'

'मग माझ्या मनात आलं, आता मीही हवेत झाडली तर लोक म्हणतील, दोघांनी आधीच ठरवून नाटक केलं. साडू साडू मिळून गावाला हसवलं म्हणतील. मागे मेजर उभा होता. तो हसेल असं वाटलं मला.'

'तेवढ्यासाठी?'

'तेवढ्यासाठी.'

वाटाण्यांचं भांडं माझ्या मांडीवर होतं. ते खाली ठेवून मी त्याच्या अंगावर धावून जाईन असं मला वाटलं. मी गेले नाही. सोलत राहिले. तो रडला नाही, माफी मागितली नाही. मी तुला कळवू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'कळव. तिचा हक्क आहे.'

त्यानं गव्हर्नरला लिहिलं, दोनदा जाऊन भेटला, आणि टिब्जची फाशी टळून जन्मठेप झाली. मग त्यानं खुर्ची सोडली. त्याची समजूत होती की लोक कारण विचारतील आणि मग तो सांगेल. तयारी करून बसला होता. कुणी विचारलं नाही. तब्येतीमुळे असेल, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं.

तेव्हा हे आता तुझ्यापाशी आहे. त्याचं तू काय करायचंस ते कर.

अल्मायरा


बकहॉर्न
९ ऑक्टोबर १८५८

प्रिय ड्रुसी,

तू आलीस. अजूनही मला खरं वाटत नाही. लेमुएलच्या प्रेतयात्रेला माणसं बेताचीच होती, मी मागे वळून पाहिलं तर काळ्या शालीतली एक पांढऱ्या केसांची बाई कुंपणाशी उभी. आधी वाटलं, आईच आली.

तू राहिलीस तेवढ्या दिवसांत आपण सफरचंदं सोलली, मुरंबा केला, लुसिंडाच्या बाळंतपणाबद्दल बोललो, ऑर्सन बापासारखा बोलका नाही म्हणून देवाचे आभार मानले. लेमुएलचं शेवटचं काय ते तू विचारलंस आणि मी सांगितलं. इथं परत आल्यावर तो तराफेवाल्यांचे, विधवांचे लहानसहान खटले चालवायचा. कुणी विचारलं, 'जिंकू ना हो वकीलसाहेब?' तर म्हणायचा, 'ते मी सांगणार नाही.' बकहॉर्नमधे कोर्टच नाही, म्हणून खटल्यासाठी त्याला डॅबनीव्हिलला जावं लागे. ऐन पावसात गेला, फुप्फुसं धरली आणि संपलं. तू ऐकलंस. बरं झालं म्हणाली नाहीस, वाईट झालं म्हणाली नाहीस. सफरचंद सोलत होतीस.

आणि खरं बोलायचं ते तू धक्क्यावर बोललीस, बोट लागल्यावर. मला बोलायला वेळच ठेवला नाहीस. आपल्या घराण्याची रीतच ही.

तू म्हणालीस, 'ताई, तुझी ती चिठ्ठी मी हायरमला दाखवलीच नाही.'

मी म्हटलं, 'कुठली?' कुठली ते मला ठाऊक होतं.

'चुलीत घातली. लेमुएलच्या शब्दावर मी माझा नवरा बेटावर धाडणार नव्हते. आणि तुझा शब्द म्हणजे लेमुएलचाच, दुसऱ्या तोंडून. मी हायरमला म्हटलं, नीट नेम धर. छातीवर धर. लेमुएल पडला तरी चालेल, तू घरी ये. तो बरं म्हणाला. कोट घातला आणि गेला.'

मग शिट्टी झाली. तू फळीवर पाय ठेवलास आणि म्हणालीस, 'तुझी सगळी पत्रं वाचली मी. रागानं गप्प नव्हते गं. काय लिहिणार होते? मी तुला विधवा करायला निघाले होते, हे?'

आणि बोट सुटली. त्या दिवशी मला जे बोलता आलं नाही, ते आता लिहिते.

सोळा वर्षं मी असं धरून चालले होते, की हायरमनं माझ्या भरवशावर हात वर केला. जेवताना, चर्चमधे, त्याच्या थडग्यावरचं गवत उपटताना. तो माझ्या शब्दावर गेला नव्हता. कुणाच्याच शब्दावर गेला नव्हता. समोरचा काय करणार हे त्याला ठाऊक नव्हतं, घरून निघताना बायकोनं मार म्हणून सांगितलेलं, आणि तरी त्यानं हात वर केला. आपण तिघं काय काय हिशेब करत होतो, ड्रुसी. लेमुएलला लोकांची भीती, तुला लेमुएलची, मला दोघांची. तो एकटा काही ठरवून गेला आणि कुणाला बोलला नाही. चार शब्दांचा माणूस, तेही त्यानं वाचवले.

तू लेमुएलचा जीव घ्यायला सांगितलंस, याचा मला राग यायला हवा. मी तो मनात शोधला. काल दिवसभर शोधला. सापडला नाही. वाईट वाटलं ते एवढंच, की तू तिथं तुझी गोष्ट दाबून बसलीस, मी इथं माझी. दोघी बहिणी, एकमेकींना तोंड दाखवायला लाजत, म्हाताऱ्या झालो. तू एकदा जरी 'ताई, मी चिठ्ठी जाळली' असं लिहिलं असतंस! आणि मीही पत्रं पाठवण्याऐवजी एकदा बोटीत बसले असते तर? मला कुणी अडवलं होतं? लेमुएलनं नाही. मीच विचार करायची, ती दार उघडणार नाही.

ऑर्सनला मी सगळं सांगितलं. गिरणीपुढची सभा, कचेरी, बेट, ओसरी, सगळं. बाप कसा होता ते त्याला बाहेरून कळायला नको. तो म्हणाला, 'मावशीला कुणी विचारलं का, तिला काय हवंय?'

म्हणून विचारायला येतेय. नदी गोठायच्या आधी जी बोट मिळेल तिनं निघते. सामान फार नाही. तुझं ते गाव मी पाहिलेलं नाही आणि माझी नजर आता अधू झालीय, तेव्हा धक्क्यावर कुणालातरी पाठव.

जमलं तर तूच ये.

तुझी ताई,
अल्मायरा